हानलेचं आकाश लालच का झालं? ऑक्सिजनच्या एका आळशी अणूची गोष्ट

मे २०२४ मधले ते फोटो आठवतायत का, लडाखमधल्या हानलेचे, खाली काळे डोंगर आणि मागे सगळं आकाश लालभडक? १० आणि ११ मेच्या मधल्या रात्री तिथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं (वेधशाळा बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची आहे, उंची साधारण ४५०० मीटर) आणि सकाळपर्यंत ते घरोघरच्या फॅमिली ग्रुपवर पोचलं, सोबत नेहमीप्रमाणे थिअऱ्या. त्या सगळ्या गोंधळात एक प्रश्न मात्र भारी होता, की नॉर्वे-आइसलँडचे अरोराचे, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात दिसणाऱ्या उजेडाचे, फोटो तर हिरवेगार असतात, मग आपल्याकडचं लाल कसं काय?

बातम्यांमध्ये याचं उत्तर होतं "सौर वादळामुळे". बरोबर आहे, पण हे म्हणजे भाजी तिखट का झाली तर गॅस पेटवला म्हणून, असं सांगण्यासारखं झालं. वादळाने दिवा पेटवला हे कळलं, पण रंग कुणी ठरवला ते नाही कळलं, आणि त्यासाठी आपल्याला अणूच्या आत जावं लागतं. घाबरू नका, गणित एका भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

आधी सूर्याचा हात किती ते बघू

त्या आठवड्यात सूर्यावर डागांचा एक प्रचंड मोठा पुंजका होता, ३६६४ नंबरचा, आणि त्यातून एकामागून एक असे सौरद्रव्याचे लोट पृथ्वीच्या दिशेने निघाले. ते येऊन धडकले आणि जी-५, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं चुंबकीय वादळ झालं, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या आपल्या आदित्य एल-१ यानाने पण याच्या नोंदी घेतल्या.

आता बऱ्याच जणांना वाटतं की सूर्याचे कण सरळ येऊन हवेवर आदळतात आणि उजेड पडतो. तसं थेट नाही होत. तो लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हादरवतो, ताणतो, मग तिथले इलेक्ट्रॉन वेग घेऊन त्या क्षेत्राच्या रेषा धरून ध्रुवांच्या बाजूला खाली सुटतात आणि शंभर ते चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतल्या अणूंना धडकतात. सूर्याचं काम इथे संपलं. धडक बसलेला अणू पुढे काय रंग देतो हे त्या अणूच्या स्वभावावर आहे, त्यात सूर्याला काही विचारलं जात नाही.

आणि तो अणू कोण, तर ऑक्सिजन. आपण श्वासात घेतो त्यात दोन-दोन अणूंची जोडी असते, पण एवढ्या उंचीवर सूर्याच्या अतिनील किरणांनी त्या जोड्या फुटतात आणि ऑक्सिजनचे सुटे अणू फिरत असतात. साधारण दोनशे किलोमीटरच्या वर तर त्यांचंच राज्य आहे.

ऊर्जा पातळी म्हणजे नक्की काय

एसटीत बसलात की तिकीट टप्प्याचं मिळतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा, अर्ध्या टप्प्याचं तिकीट कंडक्टर फाडत नाही, तुम्ही कितीही वाद घाला. अणूचंही असंच आहे, फक्त त्याचे टप्पे सारख्या अंतराचे नसतात, एखादा लांबलचक, एखादा इवलासा. अणूला ऊर्जा कितीही असून चालत नाही, काही ठरावीकच रकमा चालतात, त्या प्रत्येक रकमेला म्हणायचं ऊर्जा पातळी. सगळ्यात खालची पातळी म्हणजे अणू निवांत बसलाय. धक्का बसला, वीज मिळाली, उष्णता मिळाली की तो वरच्या एखाद्या पातळीवर जातो, आणि तिथून खाली येताना दोन पातळ्यांमधला जो फरक आहे तेवढी ऊर्जा बाहेर टाकतो. एकरकमी. ती रक्कम म्हणजे प्रकाशाचा एक कण, फोटॉन.

हे १९१३ साली नील्स बोर यांनी हायड्रोजनसाठी मांडलं. त्यांचा तो सूर्यमालेसारखा अणू, इलेक्ट्रॉन गोल गोल फिरतोय वगैरे, तो नंतर सोडून द्यावा लागला (पाठ्यपुस्तकांनी मात्र अजून सोडलेला नाही, असो) पण पातळ्या आणि त्यांतला फरक ही गोष्ट पक्की राहिली.

आता तो भागाकार. अणूच्या हिशोबात ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजतात, एक व्होल्टच्या फरकातून गेल्यावर एका इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी ऊर्जा. १२४० ला या आकड्याने भागलं की प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते, आणि तरंगलांबी म्हणजेच रंग. हायड्रोजनची तिसरी पातळी तळापासून १२.०९ वर आहे, दुसरी १०.२ वर, फरक १.८९. १२४० भागिले १.८९, आलं ६५६. हा लाल रंग. हायड्रोजन वायू नळीत भरून वीज सोडा, ६५६ वर लाल रेघ दिसते, ती ६०० ला नाही सरकत आणि ७०० ला पण नाही, कारण तिथलं तिकीटच छापलेलं नाही.

फरक मोठा तर रंग निळ्याकडे, फरक छोटा तर लालकडे. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तिकिटांवरून रूट ओळखता येतो

प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या वेगळ्या, म्हणून फरक वेगळे, म्हणून रंगांचा संच पण वेगळा. गाडीत पडलेली तिकिटं गोळा करून एखादा मुरलेला कंडक्टर सांगेल की ही गाडी कुठल्या रूटची, तसं प्रकाश प्रिझममधून पसरवला की त्यातल्या रेघा बघून कुठला अणू ते कळतं.

स्वयंपाकघरात बघायचं असेल तर मीठ घातलेलं पाणी उतू जाऊन गॅसवर पडतं तेव्हा निळी ज्योत एकदम पिवळी होते ना, ती मिठातल्या सोडियमची सही, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास दोन जवळजवळच्या रेघा. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे पण सोडियमचेच.

याच युक्तीने हेलियम सापडला, पृथ्वीवर मिळण्याच्या आधी सूर्यावर. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्याच देशातून गेलं, फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखिंडीत ठाण मांडून होते, आणि सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये ज्या चमकत्या रेघा दिसल्या त्यात एक पिवळी होती. पुढे नीट मोजल्यावर कळलं की ही सोडियमची नाहीच, ही ५८७.५ च्या आसपास आहे, आणि त्या वेळी माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळत नव्हती. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी त्याला नवीन मूलद्रव्य म्हटलं. रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना ते पृथ्वीवर एका युरेनियमच्या खनिजात मिळालं १८९५ ला, म्हणजे सत्तावीस वर्षं हेलियम फक्त एक रेघ होता.

विजयदुर्गावर लॉकियर यांनी हेलियम शोधला असं कोकणात सांगतात, किल्ल्यावर साहेबाचे ओटे पण दाखवतात आणि १८ ऑगस्टला कार्यक्रमही होतो. मला विजयदुर्ग प्रचंड आवडतो, पण लॉकियर यांचं नोंदलेलं निरीक्षण २० ऑक्टोबर १८६८ चं आहे, इंग्लंडमधलं, ग्रहण नसताना केलेलं. कुणाला राग आला तर माफ करा.

फोटॉन आधी कुठे लपलेला असतो?

कुठेच नाही. हा प्रश्न शाळेतली पोरं विचारतात आणि बरेचदा त्यांना गप्प बसवलं जातं, पण प्रश्न अगदी रास्त आहे. फोटॉन इलेक्ट्रॉनच्या पोटात साठवलेला नसतो आणि फोटॉन बाहेर पडल्यावर इलेक्ट्रॉनचा टवका पण उडत नाही. फोटॉन त्या वेळी नव्याने तयार होतो. विद्युतचुंबकीय क्षेत्र सगळीकडे पसरलेलं आहेच, अणू आपली जास्तीची ऊर्जा त्या क्षेत्राला देतो आणि क्षेत्रात जी एक लहर उठते तिलाच आपण फोटॉन म्हणतो. अणूला उलटा हलकासा धक्का पण बसतो आणि त्याचं वस्तुमान कणभर कमी होतं, इतकं कमी की त्याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

बरं मग इलेक्ट्रॉनला "चल आता खाली ये" हे सांगतं कोण? कुणीच नाही. नक्की कधी येईल हे एका अणूबाबत सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. आइनस्टाईननी १९१६ मध्ये हा आपोआप उतरण्याचा हिशोब शक्यतेच्या भाषेत मांडला (आणि ही शक्यतेची भानगड त्यांना स्वतःलाच आयुष्यभर पटली नाही), मग १९२७ मध्ये डिरॅक यांनी क्षेत्राचं पुंजगणित (क्वांटमचं गणित) लावून तो आकडा मुळापासून काढून दाखवला. रिकामं वाटणारं क्षेत्रसुद्धा पूर्ण शांत नसतं आणि अणू त्याला जोडलेला असतो, म्हणून वरच्या पातळीवर तो कायमचा राहू शकत नाही.

आणि मधल्या वेळात इलेक्ट्रॉन असतो कुठे? इथे एसटीची उपमा मोडते, कारण गाडी मधल्या रस्त्यावरून जाते आणि इलेक्ट्रॉनला मधला रस्ताच नाही. तो काही काळ दोन्ही पातळ्यांच्या मिश्रणात असतो, वरचीचा वाटा कमी कमी होतो आणि खालचीचा वाढत जातो. मधल्या एखाद्या ऊर्जेवर तो थांबलेला कधीच सापडत नाही. २०१९ मध्ये येल विद्यापीठात एका कृत्रिम अणूवर प्रयोग झाला होता, त्यात तर ही "उडी" सुरू झाल्याचं आधी ओळखून तिला मधेच उलट फिरवून दाखवलं. म्हणजे ज्याला आपण इतकी वर्षं क्षणार्धातली उडी म्हणत आलो तिला पण वेळ लागतो.

मग लाल कोण आणि हिरवा कोण

आता परत ऑक्सिजनकडे. त्याच्या तळाच्या वर दोन पातळ्या आपल्या कामाच्या, एक १.९७ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणि दुसरी ४.१९ वर. वरचीवरून मधलीवर आला की फरक २.२२, म्हणजे ५५७.७ नॅनोमीटर, तो आइसलँडवाला हिरवा. मधलीवरून तळाला आला की १.९७, म्हणजे ६३०, तो हानलेचा लाल. एकच अणू, दोन टप्पे, दोन रंग. फोटोंत खालच्या कडेला कधी गुलाबी-जांभळं दिसतं ते नायट्रोजनचं, त्यात आज नको शिरायला.

गंमत पुढे आहे. साधारणपणे अणू वरच्या पातळीवर सेकंदाचा काही कोट्यांशावा भाग टिकतो, सोडियमची ती पिवळी पातळी १६ नॅनोसेकंदांत रिकामी होते. ऑक्सिजनची हिरवी पातळी टिकते पाऊण सेकंदाच्या आसपास. आणि लाल? जवळपास दोन मिनिटं! अणूच्या जगात दोन मिनिटं म्हणजे युगं झाली.

एवढा आळस का, तर इथे पाठ्यपुस्तकातलं चित्र पूर्णच सोडावं लागतं. इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेतून बाहेरच्या कक्षेत गेला आणि परत आला असं इथे काही घडतच नाही. ऑक्सिजनच्या बाहेरच्या भागात चार इलेक्ट्रॉन एकाच प्रकारच्या जागांमध्ये बसलेले असतात, तळाच्या पातळीवर त्यातल्या दोघांची फिरकी (इंग्रजीत स्पिन, इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुण) एकाच दिशेला असते, आणि मधल्या पातळीवर त्याच दोघांची फिरकी एकमेकांच्या उलट. जागा त्याच, माणसं तीच, बसण्याची पद्धत वेगळी, आणि त्यामुळे इलेक्ट्रॉनांमधली आपसातली ढकलाढकली बदलते, तोच ऊर्जेचा फरक. आता प्रकाश सोडून खाली यायचं तर एका इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली पाहिजे, आणि प्रकाशाचा नेहमीचा जो रस्ता आहे तो फिरकीला हातच लावत नाही. दुसरे कमजोर आडमार्ग आहेत, त्यातून काम होतं पण फार हळू. याला भौतिकशास्त्रात निषिद्ध संक्रमण म्हणतात, नावाला निषिद्ध, प्रत्यक्षात फक्त दुर्मिळ.

या प्रकाराने मोठमोठ्यांना फसवलंय. १८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हगिन्स यांना एका तेजोमेघात (अवकाशातल्या चमकणाऱ्या वायूच्या ढगात) हिरव्या रेघा दिसल्या ज्या कशाशीच जुळेनात, लोकांनी नेब्युलियम नावाचं नवीन मूलद्रव्यच कल्पून टाकलं, हेलियमच्या बाबतीत ते खरं ठरलं होतं ना, मग इथे का नाही! १९२७ ला बोवेन यांनी दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे, निषिद्ध वाटेने उतरणारा. अरोराच्या हिरव्या रेघेचं कोडं त्याच्या जरा आधी, १९२५ मध्ये टोरंटोला मॅक्लेनन आणि श्रम यांनी सोडवलं, प्रयोगशाळेत ऑक्सिजनमध्ये भरपूर हेलियम मिसळून ती रेघ काढून दाखवली.

दोन मिनिटं कुणी बसू देईल तर ना

लाल उजेड द्यायचा तर अणूला दोन मिनिटं कुणी हात लावता कामा नये, कारण मधे दुसऱ्या कुणाचा धक्का बसला तर ती ऊर्जा फोटॉन न बनता त्या धक्क्यातच जाते. शंभर किलोमीटर उंचीवर अणूला सेकंदाला हजारो धक्के बसतात. प्रत्येक धक्का ऊर्जा काढून घेतोच असं नाही, पण दोन मिनिटांत इतक्यांतून सुटणं जवळपास अशक्य. हिरव्याला पाऊण सेकंदच काढायचाय, शिवाय धक्क्यांनी त्याची ऊर्जा सहजी जात नाही, तो निभावतो. म्हणून साधारण शंभर ते दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा जिंकतो, आणि दोनशेच्या वर जिथे हवा इतकी विरळ की शेजारी भेटतच नाही, तिथे लाल. कमी जोराचे इलेक्ट्रॉन खालपर्यंत पोचत नाहीत, वरच थांबतात, ते पण लालच्याच पथ्यावर पडतं.

लाल अरोरा नेहमी पसरट, मऊ दिसतो, हिरव्यासारखा नाचत नाही, हे पण यातूनच येतं. धडक आत्ता बसली आणि उजेड दोन मिनिटांनी, तोवर अणू कुठल्या कुठे गेलेला असतो, मग कडा तीक्ष्ण राहणार कशा?

हानलेहून हिरवा का नाही दिसला

हे निव्वळ भूमिती आहे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे लांबच्या गोष्टीचा फक्त वरचा भाग क्षितिजावर दिसतो. ४०० किलोमीटर उंचीवरचा उजेड साधारण २२५० किलोमीटर लांबून दिसू शकतो, ११० किलोमीटरवरचा जेमतेम ११८० वरून. हानले ३३ अक्षांशाच्या जरा खाली. म्हणजे तिथे उभं राहून उत्तरेकडे बघितलं तर उंचावरचा लाल पार मध्य आशियाच्या पलीकडचा, ५३ अक्षांशापर्यंतचा दिसू शकतो, पण हिरवा ४३ च्या पुढे असेल तर तो जमिनीआड गेला. जास्त उत्तरेच्या लोकांना डोक्यावर दोन्ही दिसत होते, आपल्याला फक्त वरची लाल पट्टी.

लडाखमधून दिसणाऱ्या लाल उजेडात आणखी एक प्रकार असतो, स्थिर लाल कमान. त्यात वरून इलेक्ट्रॉनांचा मारा नसतो, पृथ्वीभोवतीच्या कणांच्या वलयाची उष्णता खाली उतरून तिथले इलेक्ट्रॉन तापतात, आणि त्यांच्याकडे ऑक्सिजनला १.९७ पर्यंत चढवण्याइतकंच बळ असतं, ४.१९ साठी फारसं उरत नाही. मग हिरवा येणार कुठून.

"पण डोळ्यांना तर एवढं लाल दिसलं नसतं, कॅमेऱ्याची करामत आहे"

अर्धं खरं. कॅमेरा कित्येक सेकंद शटर उघडं ठेवून उजेड गोळा करतो, डोळा तसं करू शकत नाही, आणि अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ६३० च्या लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. त्यामुळे तिथे उभ्या माणसाला फिकट, राखाडी-तांबूस झाक दिसली तर नवल नाही. पण रंग कॅमेऱ्याने बनवला नाही, फोटॉन ६३० चेच आले होते.

"मग घरातला बल्ब असे ठरावीक रंग का नाही देत?"

कारण तारेचा बल्ब म्हणजे खचाखच भरलेले अणू. एकमेकांना इतके खेटलेले की त्यांच्या पातळ्या मिसळून पट्टे होतात, सगळी भाडी उपलब्ध, म्हणून सगळे रंग. रेघा सुट्या दिसायला अणू सुटे हवेत, वायू हवा, तोही विरळ.

मुंबईतून कधी दिसेल का

दिसलाय! ४ फेब्रुवारी १८७२ ला प्रचंड चुंबकीय वादळ झालं होतं आणि तेव्हा मुंबईहून अरोरा दिसल्याच्या नोंदी आहेत, १९ अक्षांशावर, कुलाब्याच्या वेधशाळेने चुंबकीय सुईची हालचालही नोंदवली, तारायंत्रं पण बिघडली होती. त्या रात्रीचा लाल रंगही ऑक्सिजनच्या त्याच १.९७ चा. आता तेवढं वादळ आलं तरी मुंबईत एलईडीच्या उजेडात ते दिसणं अवघड, आणि तेव्हा वीज, जीपीएस, उपग्रह यांची काय अवस्था होईल ती वेगळी काळजी. बघायचंच असेल तर जी-४ किंवा जी-५ चा इशारा आल्यावर हिमालयातली काळोखी जागा, उत्तरेचं उघडं क्षितिज, फोन स्टँडवर आणि एक्सपोजर दहा-पंधरा सेकंद. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, का ते वर सांगितलंच आहे.